बोरघाटाच्या पायथ्याशी: कागदात उरलेली माणसे आणि न उरलेली

कर्जतहून खोपोलीची लोकल सुटली की पहिला थांबा पळसदरीचा. इथून पुढे रुळांना दोन वाटा फुटतात. एक केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला जाते. दुसरी जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्याकडे डोंगर चढू लागते. बोरघाटाच्या रेल्वेची चढण सुरू होते ती याच पट्ट्यात, आणि १८५६ ते १८६३ या काळात आशियातल्या सर्वात अवघड बांधकामांपैकी एक इथे चालू होते. पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानपूल, आणि मधे गाडीची दिशा उलटी करणारे रिव्हर्सिंग स्टेशन, हे आकडे रेल्वेवरच्या कोणत्याही पुस्तकात मिळतात. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नावही मिळते. त्याच्या खालच्या माणसांची नावे मात्र शोधावी लागतात. हा शोध कसा घ्यावा, कोणत्या कागदांत घ्यावा आणि त्यातून काय सिद्ध होते असे म्हणावे, यावर गेल्या काही दशकांत बरेच लिहिले गेले आहे. ते सगळे एकत्र ठेवून पाहिले तर माझे मत असे होते: अल्पज्ञात माणसाचा शोध त्याच्या नावाचा माग काढत घेतला तर बहुधा फसतो. देणे-घेणे, वाद आणि मृत्यू या तीन ठिकाणी राज्यकर्त्यांना आणि कंपनीला काहीतरी लिहिणे भाग होते. तिथून सुरुवात केली तर माणूस हाती लागतो, आणि लागला नाही तर का लागला नाही हेही कळते.

या घाटातले सर्वात चांगले उदाहरण ॲलिस ट्रेडवेलचे. घाटाचे पहिले कंत्राट विल्यम फॅव्हिएलकडे होते. मुंबई-ठाणे ही पहिली लाईन बांधणाऱ्यांपैकी तो एक. त्याने १८५६च्या सुरुवातीला घाटाचे काम हाती घेतले आणि मार्च १८५९मध्ये ते सोडून दिले. मग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने इंग्लंडमधल्या एका नावाजलेल्या कंत्राटदार घराण्यातल्या सॉलोमन ट्रेडवेलला काम दिले. तो त्याच वर्षी भारतात आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. मागे राहिलेल्या ॲलिसने कंत्राट परत केले नाही. स्वेन्सन ॲडम्सन आणि जॉर्ज क्लाउझर या दोघा अनुभवी माणसांवर तिने कामाची व्यवस्था सोपवली आणि कंत्राट स्वतःकडे ठेवले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते घाट खुला झाला, तेव्हा मुख्य काम ट्रेडवेल कंत्राटाखाली पूर्ण झालेले होते. रेल्वेच्या इतिहासात तिचे नाव फार काळ एखाद्या ओळीपुरतेच येत राहिले. तिच्या नावाने ओळखला जाणारा बोरघाटाच्या छायाचित्रांचा संग्रह अमेरिकेत, टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगॉलियर ग्रंथालयात आहे. अर्धे कोरलेले बोगदे, पाडांवर उभे असलेले पूल आणि डोंगरउतारावर ठिपक्यांसारखे दिसणारे मजूर पाहायचे असतील तर ती छायाचित्रे आजही आपला मोठा आधार आहेत.

ॲलिस कागदात का उरली, हे समजून घेतले पाहिजे. कर्तबगार असूनही न उरलेल्या बायका असंख्य असतील. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात नवरा जिवंत असलेल्या बाईला स्वतःच्या नावाने करार करणे किंवा मालमत्ता बाळगणे जवळजवळ अशक्य होते. त्यात बदल व्हायला १८७० आणि १८८२चे कायदे यावे लागले. विधवेला मात्र ती मुभा होती. म्हणजे सॉलोमन जिवंत असताना ॲलिसने हिशेब तपासले असते, पत्रे लिहिली असती, माणसे नेमली असती, तरी कागदावर तिचे नाव आलेच नसते. नवऱ्याच्या मृत्यूने तिला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती बनवले आणि म्हणून ती दफ्तरात आली. दुसरे कारण पैशाचे. रेल्वे कंपनी खाजगी असली तरी भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. खर्च वाढला तर भार सरकारी तिजोरीवर पडणार, म्हणून मोठ्या कंत्राटातला प्रत्येक बदल कंपनीच्या कचेरीतून मुंबई सरकारच्या रेल्वे खात्याकडे आणि तिथून लंडनला जात असे. एकाच व्यवहाराच्या तीन ठिकाणी नकला झाल्या. मुंबईतल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याचे खंड आहेत, आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दफ्तरे आहेत. ट्रेडवेल कंत्राटाचा माग या दोन्हीकडे काढता येतो तो या हमीमुळे. व्याजाची हमी नसती तर कंपनीचे खाजगी कागद कंपनीबरोबरच गेले असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अलीकडच्या लोकप्रिय लेखनात ॲलिसला थेट ‘घाट बांधणारी बाई’, कधी ‘अभियंता’ही म्हटले जाते. कागद तसे सांगत नाहीत. मार्गाची आखणी बर्कलीची, त्याच्याआधीच्या पाहण्या इतरांच्या, जागेवरची देखरेख ॲडम्सन आणि क्लाउझर यांची. मग तिने केले काय, असे विचारता येते. पण या प्रश्नात एक गृहीत लपलेले आहे: हातात दुर्बीण किंवा नकाशा असेल तरच काम केले असे मानायचे. कंत्राटदाराचे काम वेगळे असते. जोखीम घेणे, भांडवल अडकवणे, माणसे निवडणे, मुदत पाळणे आणि नुकसान झाले तर भरून देणे हे त्याचे काम. घाटाच्या कंत्राटाने फॅव्हिएलसारखा मुरलेला माणूस तीन वर्षांत माघारी गेला होता. ती जोखीम तिने घेतली, एवढे विधान पुराव्याने टिकते आणि ते पुरेसे मोठे आहे. त्यापुढे जाऊन तिला अभियंता केले की पहिला चिकित्सक वाचक ते खोडून काढतो, आणि खोडताना खरा भागही सोबत जातो. अल्पज्ञात व्यक्तीबद्दल लिहिणाऱ्याला वाढवून सांगण्याचा मोह सर्वात जास्त असतो, कारण शोधायला कष्ट पडलेले असतात. त्या व्यक्तीचे सर्वाधिक नुकसानही त्यानेच होते.

हीच कसोटी पुढे नेली पाहिजे. पूर्णत्वाचे श्रेय सहीमुळे ट्रेडवेल कंत्राटाला द्यायचे, तर त्या सहीखाली काय काय घडले याचा हिशेबही तिथेच मांडावा लागतो. १८६१मध्ये घाटावर सुमारे ४२,००० माणसे कामाला होती असा आकडा मिळतो. कॉलरा आणि तापाच्या साथी आल्या. आठ वर्षांत चोवीस-पंचवीस हजार मजूर दगावले, असे अनेक पुस्तकांत येते. भारतीय रेल्वेच्या बांधकामावर १९९५मध्ये महत्त्वाचे पुस्तक लिहिणाऱ्या इयान कर याच्यासारख्या अभ्यासकांनी या मृत्यूंकडे लक्ष वेधले, ही मोठी गोष्ट झाली. पण हा आकडा अंदाज आहे, मोजदाद नाही, हे प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे. सॉलोमन ट्रेडवेलसारख्या युरोपियन माणसाचा मृत्यू चर्चच्या दफनवहीत जात असे आणि तिची नक्कल लंडनला जात असे. कोकणातून, देशावरून आलेल्या मजुराच्या मृत्यूची अशी वहीच नव्हती. जुलै १८६७मध्ये घाटातल्या महू की मळी इथला कमानपूल कोसळला. बांधकाम अवघे काही वर्षांचे होते, म्हणून चौकशी झाली, दगडी कामाच्या दर्जावर मोठी चर्चा झाली. पडलेल्या पुलाचा दगडन् दगड कागदावर आला. तो रचणारा पाथरवट आला नाही. दफ्तरांची रचनाच अशी होती, आणि ती रचना ओळखल्याशिवाय त्यातले मौन वाचता येत नाही.

मजूर कागदात येतो तो बहुतेकदा काम अडले तेव्हा. जानेवारी १८५९मध्ये घाटावर मोठा दंगा झाला. मजुरी थकली होती, ठरलेल्या दराहून कमी पैसे हातावर टेकवले जात होते, आणि संतापलेले मजूर गोऱ्या देखरेखदारांवर चालून गेले. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत फॅव्हिएलने कंत्राट सोडले, त्यामागे हेही एक कारण असावे. सरकारने चौकशी केली. चौकशी म्हणजे जबान्या, आणि जबान्या म्हणजे नावे, गावे, मुकादम कोण, पैसे कुणाच्या हातून यायचे, किती अडकले. घाटावर वर्षभर इमानाने सुरुंग लावणाऱ्याबद्दल ज्या गोष्टी कुणी लिहिल्या नसत्या, त्या एका दंग्याने लिहायला लावल्या. रेल्वेच्या कामांवरील अशा तंट्यांचा परिणाम कायद्यापर्यंत गेला: रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजूर-मालक तंट्यांचा झटपट निकाल लावण्यासाठी १८६०चा नववा कायदा झाला. त्यात मजुराला थकलेल्या पैशासाठी मॅजिस्ट्रेटकडे जाण्याची वाट होती आणि काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही होती. कर्जत-खालापूर भागातला एखादा मुकादम किंवा बेलदार शोधायचा असेल तर रेल्वेच्या इतिहासग्रंथांआधी मॅजिस्ट्रेटच्या कामकाजाकडे वळावे, असे मी म्हणतो ते यासाठी. अर्थात यातही एक तिरकेपणा येतो. तंट्यातून सापडणारा माणूस नेहमी तक्रारदार किंवा आरोपी म्हणूनच दिसतो. त्याच्या आयुष्यातला एक वाईट दिवस आपल्याकडे असतो, बाकीचे दिवस नसतात. त्यावरून त्याचा स्वभाव रंगवणे हा अन्याय आहे. त्याचे अस्तित्व, त्याचा दर, त्याचे देणेकरी, इतके मात्र निःशंक सांगता येते.

वर्तमानपत्रांवर विसंबावे का, हा या विषयातला जुना वाद. इंग्रजी पत्रे व्यापाऱ्यांची आणि भागधारकांची, त्यांना वेळेत गाडी सुरू होण्याशी मतलब. मराठी पत्रांचा पसारा लहान, बातमीदार थोडे, बऱ्याच बातम्या इंग्रजीवरून घेतलेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही वर्तमानपत्र टाकून देणे चूक आहे, कारण सरकारी कागदात नसलेली एक गोष्ट त्यात असते: तारीखवार क्रम. अमुक पत्र अमुक दिवशी का लिहिले गेले, त्याआधीच्या आठवड्यात काय घडले होते, हे वर्तमानपत्राशेजारी ठेवल्याशिवाय उलगडत नाही. घाटाचे काम चालू असताना मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’ निघत होते, १८६१मध्ये त्याचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. ‘बॉम्बे गॅझेट’ त्याचे प्रतिस्पर्धी. पुण्यात १८४९पासून ‘ज्ञानप्रकाश’, मुंबईत भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’, मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’, १८६२पासून ‘इंदुप्रकाश’. गुजरातीत ‘मुंबई समाचार’ आणि ‘रास्त गोफ्तार’ होते, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याने मोठी हानी झाली आहे. जमशेटजी दोराबजी नायगांववाला यांच्यासारखा पारशी कंत्राटदार याच रेल्वेची कामे घेत होता. त्याच्यासारख्यांच्या जगाची बातमी गुजराती पत्रांत येणार, मराठी वाचणाऱ्या संशोधकाच्या नजरेत ती येत नाही. देशी वर्तमानपत्रांचे इंग्रजी गोषवारे सरकारने काढायला सुरुवात केली ती १८६८पासून. पुष्कळ अभ्यासक सोय म्हणून त्या गोषवाऱ्यांवरच काम भागवतात, आणि मग १८६३पूर्वी घाटाबद्दल देशी पत्रे गप्प होती असा समज होतो. गोषवारे नव्हते म्हणून पत्रे गप्प होती असे नाही. मूळ अंक उघडावे लागतात, जिथे जितके उरले असतील तितके.

मूळ अंक उघडण्याला पर्याय म्हणून आता संगणकावरचा शोध आहे, आणि त्याने मोठी सोय झाली हे मान्य. पण पळसदरीचेच पाहा. जुन्या इंग्रजी कागदांत हे गाव ‘पदुसधरी’सारख्या रूपात येते, खोपोली ‘कॅम्पूली’ म्हणून. आजचे नाव टाकून शोधणाऱ्याला पळसदरीत काही घडलेच नाही असे वाटेल. दुसरी अडचण जिल्ह्याची. कर्जत तालुका १८९१पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा त्याचा पेटा. १८८३चा कुलाब्याचा गॅझेटियर चाळून कर्जत-खालापूर मिळणार नाही. त्यासाठी १८८२चा ठाण्याचा खंड काढावा लागतो. कुलाब्याचे नाव १९८१मध्ये रायगड झाले, म्हणून आजच्या जिल्ह्याच्या नावाने शोधणारा आणखी एक पायरी चुकतो. रायगडचा इतिहास लिहिणारी कितीतरी पुस्तके समुद्रकाठाने अलिबाग, मुरूड, पनवेलपर्यंत जाऊन थांबतात आणि घाटाखालचा हा आतला पट्टा कोरडा राहतो. त्याला दफ्तरांच्या या वाटणीचे कारण आहे असे मला ठामपणे वाटते. पट्ट्यात माणसे कमी नव्हती. त्यांचे कागद दुसऱ्या जिल्ह्याच्या बस्त्यात बांधलेले होते.

आता शिंग्रोबाकडे येतो, कारण त्याला टाळून बोरघाटातल्या अल्पज्ञात माणसांवर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते, आणि ट्रकचालक, एसटीचे चालक तिथे हात जोडून, नाणे टाकून पुढे जातात. कथा अशी: साहेबांना घाटात वाट सापडेना, शिंग्रोबा धनगराने आपल्या पायाखालची वाट दाखवली, बक्षीस काय हवे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला गोळी घातली. कुणी ही वाट रस्त्याची सांगते, कुणी रेल्वेची. फरक लहान नाही. गाडीरस्ता सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत नोव्हेंबर १८३०मध्ये खुला झाला. रेल्वेचे काम त्यानंतर पंचवीस वर्षांनी. पहिल्यात काम करवून घेणारे कंपनी सरकारचे लष्करी अधिकारी, दुसऱ्यात खाजगी कंपनीचे अभियंते. एकच माणूस दोन्हीकडे बसवता येत नाही.

यावर दोन टोके दिसतात. एक म्हणते, कागद नाही म्हणून माणूस नाही. दुसरे म्हणते, देऊळ आहे म्हणून प्रत्येक तपशील खरा. मला दोन्ही मान्य नाहीत. वर पाहिले तसे, दफ्तरात यायला करार, तंटा किंवा चर्चमधले दफन यापैकी काहीतरी लागते. वाट दाखवणाऱ्या धनगराशी कुणी करार करत नव्हते. त्याचे नाव कागदात नसणे हे त्या कागदांच्या स्वभावाला धरूनच आहे, त्यावरून तो नव्हता असे सिद्ध होत नाही. दुसरीकडे, सह्याद्रीच्या घाटवाटा धनगर, ठाकूर, कातकरी यांच्या पायाखालच्या होत्या, आणि मापनाच्या साखळ्या घेऊन आलेल्या परक्या माणसाला त्यांच्याखेरीज चालता आले नसते हे साधे व्यवहारज्ञान आहे. कथेचा हा गाभा संभवनीय आहे. स्वातंत्र्याची मागणी मात्र ज्या शब्दांत सांगितली जाते त्यावर पुढच्या काळातल्या चळवळीची छाया आहे. तिला १८३० किंवा १८५६ची जबानी म्हणून वापरता येणार नाही. असे म्हटल्याने देवस्थानाची किंवा समाजाच्या स्मृतीची किंमत कमी होते, असा आक्षेप घेतला जाईल. मला उलट वाटते. ज्यांच्या कष्टाची आणि ज्ञानाची नोंद झाली नाही, त्यांना ती राहिल्याची जाणीव होती आणि त्यांनी आपल्या पद्धतीने नोंद केली, हे शिंग्रोबाच्या कथेतून कळते. घाट कुणी बांधला या प्रश्नाचे उत्तर त्या कथेत शोधू नये. घाटाचे श्रेय कुणाला नाकारले गेले, याची ती जिवंत साक्ष आहे. तिला ॲलिसच्या कंत्राटाच्या तराजूत तोलणे म्हणजे दोघांवरही अन्याय.

एक शेवटचा आक्षेप असा येईल की मराठी वाचकाने, मराठी मातीवर, एका इंग्रज कंत्राटदाराच्या विधवेसाठी एवढा खटाटोप कशाला करावा. उत्तर तिच्या कागदांमध्येच आहे. कंत्राट म्हटले की पोटकंत्राटे आली, पोटकंत्राटांबरोबर मुकादम आले, मुकादमांबरोबर हजेऱ्या आणि उचली. तिच्यापर्यंत पोचणारी दफ्तरे हीच खालच्या माणसांपर्यंत उतरणारी वाट आहे. शिवाय एक सामग्री अशी आहे जी तिच्याही खाली जाते आणि जिच्याकडे सर्वात कमी पाहिले गेले आहे. रेल्वेला लागणारी जमीन कंपनीला फुकट देण्याचे सरकारने कबूल केले होते. ती घ्यायची सरकारने, भरपाई द्यायची सरकारने. १८५७चा सहावा कायदा सार्वजनिक कामांसाठीच्या अशा भूसंपादनाचा होता. भरपाई द्यायची तर खातेदाराचे नाव, क्षेत्र, पीक, झाडे, रक्कम लिहावीच लागते. ही यादी लष्करी अधिकाऱ्याच्या वहीत किंवा लंडनच्या अहवालात मिळणार नाही. ती गावाच्या पातळीवरच्या मुलकी कागदांत मिळण्याचा संभव जास्त, आणि त्या काळचे मुलकी कागद मोठ्या प्रमाणात मोडीत आहेत. इंग्रजी दफ्तरांवर विसंबून केलेल्या कामाची मर्यादा इथे सर्वात स्पष्ट होते. मोडी वाचणारी दोन-चार तरुण मुले कर्जत आणि खालापुरात बसली, ठाण्याच्या जुन्या मुलकी दफ्तरांपर्यंत पोचली आणि पळसदरी ते खोपोली या पट्ट्यातली खाती एका तक्त्यात उतरवली, तर घाटाच्या इतिहासात पहिल्यांदाच सलग मराठी नावे येतील: कुणाचे वरकस गेले, कुणाचे भातखाचर, कुणाच्या आंब्याला किती आणे ठरले. ॲलिस ट्रेडवेलचे चरित्र त्या तक्त्याशिवाय अपुरे राहील, आणि तिच्या छायाचित्रांतले डोंगरउतारावरचे ठिपकेही.